मोंतांत भिंतीला लावायची नाही

अहो, सगळे गेले एकदाचे. तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं, माझी निपाणीची माणसं काल दुपारच्या मोटारीनं परत गेली. दादा म्हणत होता, चल गं चार महिने माझ्याकडे, हवापालट होईल. मी म्हटलं, इंदूची शाळेतली नोकरी आहे, लेकीला एकटीला कशी टाकू. ते खरंच आहे, पण पुरतं खरं नाही. तुमच्या-माझ्यातलं भांडण अर्धं राहिलंय. ते असं उघडं टाकून मी निपाणीला जाऊन काय करू?

तुमची शोकसभा झाली. बायकांना मागे बसवलं होतं, तरी सगळं ऐकू आलं. रेल्वेचे निष्ठावंत सेवक, व्यायामप्रेमी, मितभाषी. मितभाषी म्हटल्याबरोबर इंदूनं माझा हात दाबून धरला, नाहीतर मी तिथंच उठून बोलले असते. ताटातल्या भाताचे दोन ढीग करून 'हे इकडून आले, ते तिकडून आले, आणि मी मधे' असं सांगणारा माणूस, आणि म्हणे मितभाषी! आमटी कुठं वाढू ते मला कळायचं नाही. तुमचं बोलणं संपेपर्यंत मी पळी धरून उभी. हे कुणाला ठाऊक? सभेत बोलणाऱ्यांपैकी एकही आपल्याकडे जेवायला बसलेला नव्हता.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा मोंतांतचा आहे.

ती अजून कोपऱ्यातच आहे, तुम्ही ठेवलीत तशी. दोन हातांनी धरायची ती सागाची तलवार, माझ्या हनुवटीएवढी उंच, मुठीपाशी तुमच्या हातानं काळी झालेली. तुम्ही गेल्यावर तालमीचे परसू वस्ताद भेटायला आले. उठताना तिच्याकडं बघून म्हणाले, "वैनी, दिवस होऊ द्यात. मग ही तालमीत न्हेतो. मारुतीच्या शेजारी भिंतीला लावतो. रोज उदबत्ती लावू. अण्णांची आठवण ऱ्हाईल." त्या घटकेला मी काय बोलणार?

पण त्या भिंतीचा रिवाज तुम्हीच मला सांगितलाय. तालमीतला मोठा माणूस गेला की त्याचं हत्यार त्या भिंतीवर चढतं, आणि एकदा चढलं की ते पुन्हा कुणाच्या हातात जात नाही. खंडेनवमीला खाली काढायचं, धुवायचं, फुलं वाहायची, परत वर. थोरल्या वस्तादांचा पट्टा तिथं असाच गंजून गेलाय. मानाची जागा आहे, मला समजतं. पण तिथं गेली की आपल्या इंदूचे हात रिकामे झाले. तिनं दुसरी करून घ्यावी म्हणाल, तर लाकूड काय, कुठलंही मिळेल. पण वस्तादांनी भिंतीला लावलेली विद्या बाहेर एका पोरीनं फिरवायची म्हणजे तालमीशी वैर धरायचं. मग शाळेतल्या मुलींना शिकवण्याचं तिचं जे मनात आहे, ते कायमचंच संपलं.

आणि हे सगळं का, तर तुम्ही जिवंतपणी वस्तादांशी एक शब्द बोलला नाहीत म्हणून. माझा राग त्याच्यावर आहे.

रागाचं पुढं सांगते. आधी गुंजी आठवतेय मला.

लग्न होऊन मी गुंजीला आले तेव्हा तुम्ही तिथं तारबाबू होता. चारी बाजूंनी रान, पावसात जळवा, आणि माणसाचा आवाज ऐकायचा तर गाडी यायची वाट बघायची. निपाणीत आमच्या गल्लीत तंबाखूच्या वखारींचा ठसका सकाळपासून नाकात असायचा, माणसं बोलत असायची, भांडत असायची. इथं सगळं चिडीचूप. मी मनात म्हटलं, मेले मी. आणि दुसऱ्याच दिवशी क्वार्टरच्या खिडकीतून काय बघते, तर माझा नवरा आणि स्टेशनमास्तर, दोघं मालधक्क्याच्या मागं लांबलचक फळ्या घेऊन गोल गोल फिरतायत! वडिलांनी सगळी चौकशी केली होती, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

कायतान सायब तुमचे स्टेशनमास्तर. गोव्याचे, वयानं आजोबा, पांढऱ्या मिशा, गळ्यात क्रूस. त्यांच्या घराण्यात पोर्तुगीज फौजेतली ही तलवारीची विद्या बापाकडून मुलाकडं आलेली. मुलगा नव्हता त्यांना, म्हणून ती तुमच्याकडं आली. विद्येचं नाव मोंतांत, तलवारीचंही तेच. पोर्तुगालात शेकडो वर्षांपूर्वी माणसं ती खरीखुरी, पोलादाची, फिरवायची म्हणे. तुमच्या दोघांच्या हातात लाकूड, कारण पोलादाची ठेवली असती तर सरकारी परवान्यासाठी हेलपाटे घालावे लागले असते.

मला पहिल्यांदा त्यांनीच समजावून सांगितलं. मी चहा घेऊन गेले होते, तोंड फुगवून. ते म्हणाले, "बाये, रागावू नको. पळे, हे बघ, यात एकाशी एक लढाई नाहीच. हे एकट्यानं खूप जणांत सापडल्यावरचं काम." मग एकेक धडा दाखवला. 'नेम' म्हणायचे ते त्याला. अरुंद गल्लीत पुढून-मागून माणसं आली तर एक नेम. होडीत उभं असाल तर दुसरा. आपल्यामागं एखादी बाई उभी असेल आणि तिला वाचवायचं असेल तर तिसरा. आणि दोन टोळ्या आपसांत मारामारी करतायत, त्यांना कुणाला न लागता दूर करायचं, त्याचा वेगळा. तलवार अशी मोठी फिरवायची की दोन्हीकडची माणसं आपसूक मागं सरावीत. मला तो शेवटचा नेम ऐकून आश्चर्य वाटलं. तलवार असून भांडण सोडवायची!

आणि मग सुरू झाली माझी फरफट. बाईला वाचवायच्या नेमासाठी बाई पाहिजे. गुंजीत बाई कुठली? मीच. नऊवारी नेसलेली, हातात भाजीची परडी, आणि तुमच्या पाठीशी उभी. तुम्ही वळाल तसं मी वळायचं, तुमच्या डाव्या खांद्यामागं राहायचं, जरा इकडं-तिकडं झाले की कायतान सायब ओरडणार, "मेली! बायको मेली! परत!" रोज मला मारायचे ते. एकदा मी वैतागून परडी आपटली आणि म्हटलं, "मला वाचवायचं तर आधी या पावसातून वाचवा." तुम्ही हसत हसत खाली बसलात. तुमचं ते हसणं बघून मी त्या रानात राहायला तयार झाले. तुम्हाला कधी सांगितलं नाही. नव्या नवरीनं असलं सांगायचं नसतं, आणि जुनी झाल्यावर राहून गेलं.

तुमच्या पाठीशी उभं राहून मला तुमचा चेहरा कधी दिसला नाही, पण पाय दिसले. पाऊल कुठं पडतं, टाच कधी उचलते, वळताना भार कुठं जातो, हे मी तुमच्यापेक्षा नीट सांगू शकते. कितीदा सांगितलं तुम्हाला, वळताना तुमचा डावा पाय मागं राहतो. तुम्ही म्हणायचात, "तू स्वैपाकाचं बघ." मग स्वैपाकात मीठ जास्त पडायचं. मुद्दाम नाही हो. पण पडायचं.

पुढं बदली झाली, आपण शहापुरात बिऱ्हाड केलं. मागांची खटखट, गल्लीत माणसंच माणसं, मला जीव आल्यासारखं झालं. कायतान सायब आपल्या गावी गेले आणि वर्षाच्या आत वारले. मोंतांत फिरवता येणारे आता तुम्ही एकटेच. तुम्हाला कोण जोडीला मिळणार, म्हणून तुम्ही परसू वस्तादांच्या तालमीत गेलात. त्यांनी ती बघितली आणि खूष झाले. म्हणाले, "आमच्या लाठी-पट्ट्याच्या फेकीत बसतंय की हे! खंडेनवमीला आणा, पूजेला ठेवू."

आणि त्या खंडेनवमीला तुम्ही जे केलंत!

सगळी तालीम जमलेली. हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून मांडलेली. वस्ताद म्हणाले, आपापल्या हत्याराला नमस्कार करून उचला. पोरांनी केला. तुमची पाळी आली. तुम्ही कायतान सायबांनी शिकवल्याप्रमाणे तलवार उभी धरलीत, आडव्या मुठीचा क्रूस तोंडासमोर आणलात आणि सवयीनं ओठ लावलेत. मी दारातून बघत होते. मग वस्ताद केवढ्यांदा ओरडले, "आरं तारबाबू! उष्टं केलंस की रं देवाचं!"

झालं. एक हत्यार उष्टं झालं म्हणजे पंगतीतली सगळी झाली, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. परत पाणी तापवा, परत धुवा, परत हळद, परत माळा. नैवेद्य गार झाला. तालमीतली पोरं उपाशी, तुमच्याकडं खाऊ की गिळू करून बघतायत. आणि तुम्ही आपले खांद्यावर घागरी घेऊन विहिरीवरून पाणी आणताय, चेहरा असा की जसं काही झालंच नाही. घरी आल्यावर मात्र पडवीत बसून दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तेव्हापासून तुम्ही मूठ ओठांऐवजी कपाळाला लावायला लागलात. मी विचारलं, "कायतान सायबांना काय वाटलं असतं?" तुम्ही म्हणालात, "पोट धरून हसले असते आणि मग म्हणाले असते, परत!"

तालमीत तुमचं बस्तान बसलं, तरी टोमणे होतेच. पुढं विलायती कापडाच्या होळ्या झाल्या, तुम्ही खादी घालायला लागलात. मग टोमण्यांना ऊतच आला. "अंगावर खादी आन् हातात फिरंग्याची तलवार, ह्ये कसं वो अण्णा?" तुम्ही म्हणायचात, "लाकूड गुंजीचं, हात शहापूरचे, घाम माझा. फिरंग्याचं उरलं काय?" हे तुमचं मला फार आवडायचं. तालमीत येवढं बोलणारा माणूस, मग आपल्या लेकीसाठी का बोलेना?

इंदू सहा-सात वर्षांची असताना माझी जागा तिनं घेतली. मला घरचं काम असायचं, म्हणून परसात तुमच्यामागं ती उभी राहायला लागली. भाजीची परडी सोडून हातात बाहुली. एक दिवस ती म्हणाली, "आप्पा, मी मागंच का उभी राहू? आज तुम्ही राहा." तुम्ही मोंतांत तिच्या हातात दिलीत. तिला उचलेना, टोक जमिनीला टेकलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या मापाची हलकी करून आणलीत आणि बाहुली घेऊन तिच्यामागं उभे राहिलात. तेवढा मोठा बाप्या, बाहुली धरून! शेजारच्या काकू भिंतीवरून बघून म्हणाल्या, "काय गं, तुझ्या घरी हे काय चाललंय?" मी म्हटलं, "शिकवणी."

बघता बघता तिला सगळे नेम आले. ती शिकली, मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायला लागली. आणि मग तिनं ते विचारलं. शाळेला मैदान नाही. गल्लीत एकच मोकळी जागा, ती तालमीची. तिथं सकाळी मुलींना मोंतांत शिकवू द्याल का, असं तुम्ही वस्तादांना विचारा. तुम्ही म्हणालात, "बघू."

दसरा आला, दसरा गेला. मी विचारलं, तुम्ही म्हणालात, "बघू." संक्रांतीला विचारलं, "बघू." इंदूनं विचारायचं सोडलं, पण मी सोडणारी नव्हे. माझ्या तोंडून काय काय निघालं ते तुम्हाला ठाऊक आहे. गल्लीत दहा जणांना मागं सारायची विद्या शिकलेला माणूस एका म्हाताऱ्याला भितो, असंही म्हटलं मी. तुम्ही जेवून उठलात, हात धुतलात, परसात गेलात. राग आला की तुम्ही मोंतांत फिरवायचात, हे मला माहीत होतं. त्या दिवशी खूप वेळ फिरवलीत.

मग ती पालखीची भानगड झाली. दोन तालमींची पोरं, पालखीपुढं लेझीम कुणाचं जाणार यावरून गल्लीच्या तोंडाशी भिडली. आधी शिवीगाळ, मग लाठ्या. मी माडीवरून बघत होते. एका पोराचं डोकं फुटलं. बायका किंचाळल्या, माग थांबले. आणि तुम्ही घरातून मोंतांत घेऊन निघालात. या वयात! मी ओरडले, "अहो, जाऊ नका!" ऐकताय कशाला. गल्लीच्या मधोमध जाऊन तुम्ही ती कपाळाला लावलीत आणि फिरवायला लागलात. मोठ्ठी, संथ, डावीकडं, उजवीकडं. कुणालाही लागली नाही. पण तिच्या फेऱ्यात यायला कुणी धजेना. या बाजूची पोरं मागं सरली, त्या बाजूची सरली, मधे मोकळी जागा झाली आणि तिच्यात एकटे तुम्ही. दोन्हीकडचे वडीलधारे धावत येईपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. वस्तादांनी येऊन तुमचा खांदा धरला तेव्हा थांबलात. सगळी गल्ली बघत होती. मला इतका अभिमान वाटला आणि इतकी भीती वाटली, की दोन्हीचं मिळून रडूच आलं.

घरी येऊन तुम्ही भिंतीला टेकून बसलात, धाप लागली होती. पाणी दिलं. घोट घेऊन तुम्ही म्हणालात, "वळताना डावा पाय मागं राहिला. इंदूचा राहत नाही. ती माझ्यापेक्षा चांगली फिरवते." मी म्हटलं, "मग हे वस्तादांना सांगा ना!" तुम्ही डोळे मिटलेत. 'बघू' सुद्धा म्हणाला नाहीत.

ती धाप काही गेली नाही. डॉक्टर म्हणाले, छाती. खाट मागच्या दाराशी लावली, परसातलं दिसावं म्हणून. इंदू शाळेतून आली की तुमच्यासमोर एकेक नेम करायची आणि तुम्ही पांघरुणावर बोट हलवून सांगायचात, इथं वर, इथं सावकाश. वस्ताद भेटायला यायचे. मी आतून चहा घेऊन आले की तुम्ही दोघं बोलायचं थांबायचात. मला वाटायचं, दुखण्याचं बोलत असतील, मला घाबरवायला नको म्हणून गप्प होतात. मी मनात म्हणायचे, आता तरी सांगा हो त्यांना. पोरगी समोर फिरवतेय, ते बघतायत, दोन शब्दांचं काम आहे. नाही बोललात. आणि एका सकाळी, मी कपाळावर हात ठेवला तर...

ते नको. ते आपल्या दोघांतच राहू दे.

आज सकाळी वस्ताद आले, ठरल्याप्रमाणे. बरोबर कोरं लाल फडकं आणलं होतं, मोंतांत गुंडाळून न्यायला. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "वस्ताद, ही भिंतीला लावायची नाही."

ते चपापले. "का वैनी? मानाचं हाय की."

"मान ठाऊक आहे मला. पण ही फिरवणारं माणूस घरात आहे. आणि हे माझं सांगणं नव्हे. 'इंदू माझ्यापेक्षा चांगली फिरवते' असं ते स्वतः म्हणाले, पालखीच्या दिवशी, इथं बसून. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही त्यांना, म्हणून मी सांगते."

वस्तादांनी फडक्याची घडी घातली, परत उलगडली. मग म्हणाले, "धाडस झालं न्हाय? वैनी, दर दसऱ्याला सोनं द्यायला आला की पयलं ह्येच बोलायचा. पोरीला मैदान द्या. मी म्हणायचो, बघू. संक्रांतीला आला की परत त्येच. दुखण्यात तर रोज. शेवटी शेवटी बोलवत नव्हतं, तरी हात धरून बसायचा. मला कळायचं काय मागतोय त्ये. मी म्हणायचो, बघू की रं, आधी बरा हो."

म्हणजे तुम्ही घरी आणलेला तो 'बघू' त्यांचा होता!

"मग मला का सांगितलं नाही त्यांनी?"

म्हातारा पहिल्यांदाच थोडं हसला. "म्हणायचा, हिला कळलं तर ही तुमच्या दारात येऊन भांडंल, वस्ताद. मग तुम्ही इरेला पेटाल आन् कवाच व्हय म्हणणार न्हाय. म्हणून म्हणायचा, तिच्या शिव्या मी खातो, तुम्ही इचार करा."

अहो, मला वाईट वाटलं असं समजू नका. रागच आला. भांडले असते की! आणि जिंकलेही असते! पण रागावता रागावता पदर तोंडाला लावून मी तिथंच खाली बसले, आणि इंदूनं येऊन मला धरलं. इतकी वर्षं माझं बोलणं खाऊन घेतलंत, आणि वर जेवायचात ते निराळंच.

वस्तादांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग इंदूला म्हणाले, "फिरव बघू. भांडण सोडवायचा नेम."

तिनं पदर खोचला, परसात गेली, मूठ कपाळाला लावली. ते दारात उभे राहून तिचे पाय बघत होते, आणि मी त्यांच्याकडं बघत होते. तिसऱ्या वळणाला ते म्हणाले, "ह्ये वळण अण्णाचं न्हाय."

इंदू न थांबता म्हणाली, "नाही. आप्पांचा डावा पाय मागं राहायचा."

"व्हय," म्हणाले ते. "ऱ्हायाचा. मी कितींदा बघितलं. बोललो न्हाय कधी." आणि डोळे पुसायला लागले, त्याच लाल फडक्यानं.

जाताना उंबऱ्यात थांबून त्यांनी सांगितलं, आखाड्याच्या मातीत बायका येणार नाहीत, ते तेवढं मागू नका. मैदान द्यायला त्यांची हरकत नाही. पोरं व्यायाम करून गेली की मुलींनी यावं. मी म्हटलं, पोरं गेल्यावर शाळेची वेळ होते, पोरं यायच्या आधी द्या. ते म्हणाले, "वैनी, आता जरा..." मी म्हटलं, "आधी." त्यांनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली. "बरं. आधी. अण्णा खोटं बोलत नव्हता." आणि गेले, रिकाम्या हातानं.

सोमवारपासून सुरू होतंय. इंदू आता शाळेत गेलीय मुलींना सांगायला. जाताना किती वर्षांनी अशी पळत गेली. लोक म्हणतात आता स्वराज्य येणार. येवो बापडं. आपल्या घरात मैदान आलंय, माझं मन आज तेवढ्यानंच भरलंय.

तर असं आहे. आपलं भांडण मिटलं. तुम्ही बोलला होतात, माझी तक्रारच उरली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्हाला ऐकवायला माझ्याजवळ काही नाही, आणि ते मला अजिबात सोसवत नाही. घर कसं गुंजीसारखं झालंय. काहीतरी चुकीचं करून ठेवायचं होतंत हो माझ्यासाठी. एखादी गोष्ट तरी, जिच्यावरून उद्या सकाळी उठून मी तुमच्याशी भांडले असते.